प्रकाशावर चालणारा जीवाणूरोधक लेप: वापरानंतरचे परीक्षण

काच, फरशी आणि दाराच्या मुठी यांवर फवारण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा जो पारदर्शक लेप मिळतो, तो मी बरेच दिवस वापरत आहे. बाटलीवर ‘प्रकाशात जीवाणू नष्ट करतो’ एवढेच लिहिलेले आहे. हा दावा खोटा नाही, पण अपुरा आहे आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

यामागचे शास्त्र भक्कम आहे. या पदार्थावर अतिनील किरण पडले की पाण्याचे विघटन घडवता येते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये जपानमधल्याच संशोधकांनी त्याच्या कणांनी सूक्ष्मजीव मारून दाखवले. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेल्या धनभारित पोकळ्या हवेतील ऑक्सिजन व ओलावा यांच्याशी अभिक्रिया करतात आणि त्यातून तयार होणारे अतिक्रियाशील घटक जीवाणूंचे पेशीपटल फोडतात. टायटॅनियम डायऑक्साइड हा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ, स्वतः खर्च होत नसल्यामुळे, लेप टिकून असेपर्यंत हे काम चालू राहू शकते.

मात्र त्याच्या नेहमीच्या अॅनाटेस या स्फटिकरूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो आणि घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत तो जवळजवळ नसतो. लेप दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन काचांवर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा पातळ थर देऊन मी त्या उन्हात ठेवल्या, तेव्हा लेपावरचा रंग स्पष्टपणे आधी फिका पडला. दिव्याखाली ठेवलेल्या तशाच जोडीत मला फरक दिसला नाही. ही चाचणी जीवाणू मोजत नाही, पण लेप काम करतो आहे की नाही हे तिच्यावरून कळते.

बोटांचा तेलकटपणा आणि धूळ यांमुळेही परिणाम घटतो, त्यामुळे पुसणे-धुणे सुटत नाही. शिवाय प्लास्टिकवर किंवा रंगावर मध्ये संरक्षक थर न देता फवारल्यास हीच अभिक्रिया खालचा पृष्ठभाग खाऊ शकते; बाटलीवर ही सूचना नसणे मला गंभीर वाटते.

दृश्य प्रकाशावर चालणारे पर्याय विकसित होत आहेत. सिलिकोन रबरमध्ये मिथिलीन ब्लूसारखी रंगद्रव्ये मुरवलेले पदार्थ त्यांपैकीच आहेत, पण रंगद्रव्य प्रकाशातच हळूहळू विटते, ही त्यांची अडचण आहे.

उन्हातल्या काचेसाठी हा लेप मी पुन्हा घेईन, खिडकी नसलेल्या न्हाणीघरासाठी घेणार नाही. घरात वापरायचा असेल, तर अतिनील प्रकाशातील आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) २७४४७ चाचणीचा दाखला पुरेसा मानू नये; घरातील प्रकाशासाठी असलेल्या आयएसओ १७०९४ चाचणीचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा.