सीलिॲक असलेल्या घरात स्वयंपाकघर: दोन भाग करावेत की सगळंच ग्लुटेनमुक्त ठेवावं?

सीलिॲक हा असा आजार आहे, की ग्लुटेन हे धान्यातलं प्रथिन पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते. गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखं एक धान्य) टाळायचे हे कळलं, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्लीच हे लक्षात आलं, लेबलं वाचायची सवय लागली. यानंतर एक निर्णय उरतो आणि बहुतेक घरांत तो कुणी घेत नाही, आपोआप घडून जातो. एकाला सीलिॲक आहे, बाकीच्यांना नाही. मग स्वयंपाकघराचे दोन भाग करायचे, की घरातून ग्लुटेन पूर्ण काढून टाकायचं? आम्ही दोन्ही पद्धतींनी घर चालवलं आहे. दोन्ही जमतात, पण मेहनत सारखी लागत नाही.

आधी प्रमाणाचा अंदाज घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा अनेक देशांत मानली जाते. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं, तर काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने ८ टक्के ग्लुटेन धरलं, तर १० मिलिग्रॅम ग्लुटेनसाठी सव्वाशे मिलिग्रॅम पीठ पुरतं, म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग. सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्यात याच्या वीसेक पट पीठ मावतं. शिवाय पोट दुखलं नाही म्हणजे काही गेलं नाही, असं समजता येत नाही. अनेकांना काहीच जाणवत नाही आणि इजा चालूच राहते.

दोन भागांची पद्धत ऐकायला सोपी आहे आणि नीट केली तर बरीच सुरक्षितही आहे. काय वेगळं ठेवायचं, हे वस्तूच्या पृष्ठभागावरून ठरवावं. चाळणी आणि गाळणी वेगळीच हवी, कारण जाळीतलं पीठ कितीही घासलं तरी पूर्ण निघत नाही. लाकडी चमचे, लाटणं आणि चिरायची फळी वेगळी, कारण लाकडाच्या भेगांत पीठ बसतं. ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी आणि तेलाचा थर मुरवलेली लोखंडी भांडीही वेगळी ठेवावीत. स्टील, काच आणि चिनी मातीची भांडी साबणाने घासून, भरपूर पाण्याने धुतली की दोघांनाही चालतात. ती दुप्पट घेण्यात पैसे वाया जातात. उकळतं पाणी, भट्टीची उष्णता किंवा अल्कोहोलचा फवारा यांनी ग्लुटेन नाहीसं होत नाही. तो जंतू नाही, प्रथिन आहे. ते घासून आणि धुऊन काढावंच लागतं.

मांडणीत ग्लुटेनमुक्त सामान वरच्या फळीवर आणि गव्हाचं खालच्या फळीवर ठेवावं, म्हणजे सांडलं तर खाली सांडतं. स्वयंपाक ग्लुटेनमुक्त पदार्थापासून सुरू करायचा आणि तो झाकून बाजूला ठेवल्यावरच दुसरा हाती घ्यायचा. लोणी आणि जॅम यांच्या बरण्या दोन ठेवाव्यात, कारण ब्रेडवरून फिरलेली सुरी पुन्हा बरणीत जातेच. पास्ता उकळलेलं पाणी आणि तळणीचं तेल तर अजिबात सामायिक नको. टोस्टरची भीती मात्र थोडी जास्तच पसरली आहे. एका छोट्या अभ्यासात सामायिक टोस्टरमधून निघालेला ग्लुटेनमुक्त ब्रेड मर्यादेच्या आतच राहिला. मर्यादा ओलांडली ती गव्हाच्या पास्त्याच्या पाण्यात उकळलेल्या पास्त्याने. तरीही टोस्टर वेगळा ठेवणं सोपं असेल तर ठेवावा. पण सगळी काळजी टोस्टरवर खर्च करून पातेल्याकडे दुर्लक्ष करू नये.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तयार ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि बिस्किटं साध्यांपेक्षा महाग असतात; ती एकाच माणसापुरती आणली तर खर्च आटोक्यात राहतो. बाकीच्यांना गहू सोडायचं वैद्यकीय कारण नसतं आणि अख्ख्या गव्हातून मिळणारे तंतुमय घटक त्यांच्या उपयोगाचेच असतात. मूल सीलिॲकचं असेल तर घरातच ‘हे माझं, हे माझं नाही’ हे ते लवकर शिकतं. बाहेरच्या जगात ग्लुटेन असणारच आहे.

हे सगळं मान्य आहे. आमचं मन मात्र एका फडक्यामुळे बदललं.

चाळण्या दोन झाल्या, फळ्या दोन झाल्या, बरण्यांना रंगीत पट्ट्या लागल्या. ओटा पुसायचं फडकं आणि भांडी घासायची घासणी मात्र काही दिवसांतच पुन्हा एक झाली. पीठ ओतताना किंवा चाळताना त्याची सर्वांत बारीक धूळ उडते, हवेत रेंगाळते आणि सावकाश खाली बसते. ती ‘वेगळ्या’ बाजूच्या ओट्यावरही बसते, वाळत घातलेल्या ताटांवरही बसते. मग दोन्ही बाजू पुसाव्या लागतात. ओल्या फडक्यात पीठ शिरलं की त्याची चिकट कणीक होते, विणीत अडकते आणि पुढच्या पुसण्यात पातळ थर होऊन पसरते. घासणीच्या छिद्रांतही तेच होतं. हात पुसायचा टॉवेल आणखी वाईट: कणीक मळणारा त्याला हात पुसतो आणि दुसरा त्याच टॉवेलने स्वच्छ ताट कोरडं करतो.

दोन रंगांची फडकी आम्ही करून पाहिली. हात ओले असताना माणूस जवळचं फडकं उचलतो, रंग बघत नाही. कागदी फडकी चालतात, पण प्रत्येक पुसण्याला एक वापरून टाकायचं हे फार दिवस टिकत नाही. फळीवरचा चुरा डोळ्यांना दिसतो, फडक्यातली कणीक दिसत नाही, म्हणून चूक कळतही नाही. लक्ष ठेवायचं काम शेवटी ज्याला आजार आहे त्याच्याच अंगावर पडतं. दर वेळी ‘हे फडकं कुठलं?’ म्हणून विचारायचा त्याला संकोच वाटू लागतो आणि हळूहळू तो विचारायचं सोडतो. आम्हाला हेच सगळ्यांत जास्त खुपलं.

पूर्ण घर ग्लुटेनमुक्त करायचं ठरवलंत तर कपाट रिकामं करण्याआधी एक काम करा. आईवडील, भावंडं आणि मुलं यांची टीटीजी-आयजीए (सीलिॲकमध्ये रक्तात वाढणारं प्रतिपिंड, थोडक्यात टीटीजी) आणि एकूण आयजीए (ते कमी असेल तर पहिला आकडा फसवा ठरतो) ही रक्ततपासणी करून घ्या. जवळच्या नात्यात सीलिॲक असण्याची शक्यता साधारण दहात एक इतकी असते आणि ही तपासणी गहू खात असतानाच भरवशाची ठरते. आधी गहू बंद केला तर तपासणीत काही दिसेलच असं नाही, आणि नंतर शंका आली तर पुन्हा कित्येक आठवडे मुद्दाम गहू खावा लागेल.

मग सफाई. जुन्या पिठाचे डबे, झाकणांच्या खाचा, चमच्यांचा खण, ओव्हनचा तळ, मिक्सरच्या भांड्याचं रबरी वेटोळं. घरातलं ग्लुटेन स्वयंपाकघरातच संपत नाही. लहान मुलांच्या मऊ खेळण्याच्या मातीत अनेकदा गव्हाचं पीठ असतं आणि पाळीव प्राण्यांच्या कोरड्या खाण्यातही गहू असतो. मुलांचे हात तिथून थेट तोंडात जातात. ओट्स घ्यायचे तर ग्लुटेनमुक्त असं छापलेलेच घ्यावेत. बहुतेकांना शुद्ध ओट्स चालतात, पण साधे ओट्स शेतापासूनच गव्हात आणि बार्लीत मिसळलेले असू शकतात. म्हणून निदानानंतर घाई न करता, तब्येत सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून थोड्या प्रमाणात सुरुवात करावी. मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्याचं पीठही जिथे गहू दळला जातो तिथे दळलेलं असेल, तर भरवशाचं नाही.

या पद्धतीचे तोटे लपवण्यासारखे नाहीत. तांदूळ आणि मका यांच्या पांढऱ्या पिठावर घर चाललं तर तंतुमय घटक, लोह आणि फोलेट कमी पडतात आणि बद्धकोष्ठाची तक्रार सगळ्यांकडून येते. त्यावर उपाय म्हणजे डाळी, भाज्या, बकव्हीट (कुट्टू; नावात ‘व्हीट’ असलं तरी गहू नव्हे), ज्वारी-बाजरी आणि राजगिरा आलटून-पालटून ठेवणं. गव्हाच्या प्रत्येक पदार्थाची नक्कल करायचा हट्ट घर दमवतो. भात, बटाटे, अंडी, डाळी, भाज्या अशा मुळातच ग्लुटेन नसलेल्या जेवणावर भर दिला, तर वेगळी तयार पाकिटं फार लागत नाहीत आणि खर्चाचा मुद्दाही बराच सौम्य होतो. ब्रेड करायचाच असेल तर १०० ग्रॅम पिठाला साधारण ५ ग्रॅम इसबगोल आधी पाण्यात भिजवून घालावा, पीठ नेहमीपेक्षा ओलं ठेवावं आणि भाजलेला ब्रेड पूर्ण निवल्याशिवाय कापू नये, नाहीतर आतून चिकट राहतो.

सगळ्यांनी गहू सोडलाच पाहिजे असं आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे शेवटी असं ठरलं: कोरडं गव्हाचं पीठ घरात येत नाही आणि ओट्यावर जे शिजतं ते सगळ्यांना चालणारं असतं. ज्याला गव्हाचा ब्रेड हवा तो तयार आणतो, बंद डब्यात ठेवतो, आपल्या ताटात टेबलावर खातो आणि ते टेबल कागदाने पुसतो. उडणारं पीठ गेलं आणि फडक्याचा प्रश्न जवळजवळ मिटला.

घरात सगळे मोठे असतील, पिठाचं काम कुणी फारसं करत नसेल, किंवा दुसरं सिंक असेल, तर दोन भाग करूनही नीट चालू शकतं. रुग्ण लहान मूल असेल, किंवा दोघांना सीलिॲक असेल, तर आम्ही दोन भागांच्या वाटेला जाणार नाही. अगदीच ठरत नसेल, तर निदानानंतरचं पहिलं वर्ष पूर्ण ग्लुटेनमुक्त काढावं. टीटीजी सहसा सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा पाहतात. सुरुवातीला आकडा फार वर असेल तर तो उतरायला वर्षाहून जास्त लागू शकतं, आणि आकडा उतरला म्हणजे अस्तर पूर्ण भरलंच असंही नाही. पण तो खाली येताना दिसायला हवा. तो एका जागी अडकला तर दोन भागांच्या घरात शोध फडक्यापासून सुरू करावा लागतो. गव्हाचं पीठ नसलेल्या घरात बाहेरचं खाणं, औषधं आणि चुकीचं वाचलेलं लेबल एवढंच तपासायचं उरतं.