पंधरा माणसे, सहा इजेक्शन सीट : कॉस्फर्डचे वायुदल संग्रहालय

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात कॉस्फर्ड येथे रॉयल एअर फोर्सचे जे संग्रहालय आहे, तेथे व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन ही ब्रिटनची तिन्ही 'व्ही-बॉम्बर' (अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी बांधलेली) जेट विमाने एकाच छताखाली पाहायला मिळतात. जगात दुसरीकडे कोठेही ही सोय नाही. प्रवेशाला पैसे नाहीत, गाडी लावण्याचे तेवढे पडतात, आणि वुल्व्हरहॅम्प्टनहून श्रूझबरीकडे जाणाऱ्या गाडीने कॉस्फर्ड स्थानकात उतरल्यास थोडेसेच चालावे लागते.

ही विमाने २००७ मध्ये खुल्या झालेल्या शीतयुद्ध दालनात आहेत. पांढऱ्याशुभ्र व्हॅलियंटपासून सुरुवात करावी, कारण संपूर्ण अवस्थेत उरलेले हे एकमेव व्हॅलियंट आहे. पंखांच्या मुख्य तुळयांत धातूची थकावट आढळल्यामुळे हा सगळा ताफा १९६५ च्या जानेवारीत सेवेतून काढला गेला आणि बहुतेक विमाने भंगारात गेली. 'एक्सडी८१८' क्रमांकाचे हे विमान वाचले, त्याचे कारण १५ मे १९५७ या तारखेत आहे. त्या दिवशी विंग कमांडर केनेथ हबर्ड यांच्या वैमानिक-दलाने याच विमानातून प्रशांत महासागरातील माल्डन बेटाजवळ 'ऑपरेशन ग्रॅपल' या ब्रिटनच्या हायड्रोजन बॉम्ब चाचण्यांमधला पहिला बॉम्ब टाकला. विमानाचा पांढरा रंग शोभेसाठी नव्हता. अणुस्फोटाचा लखलखाट परावर्तित व्हावा म्हणून तो दिलेला असे.

मला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला तो व्हल्कनच्या पोटाखाली. 'एक्सएम५९८' हे ते विमान, जे १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात फॉकलंड बेटांवरील स्टॅन्लेच्या धावपट्टीवरील पहिल्या हल्ल्यासाठी असेन्शन बेटावरून मुख्य विमान म्हणून उडाले, पण खिडकी नीट बंद न झाल्यामुळे आतला हवेचा दाब टिकेना, तेव्हा त्याला माघारी फिरावे लागले. मोहीम पार पाडली ती राखीव म्हणून सोबत निघालेल्या 'एक्सएम६०७'ने. परत फिरलेले विमानही तितक्याच आस्थेने जपले आहे, ही या संग्रहालयाची मला आवडलेली गोष्ट.

पोटाखाली उभे राहून वर पाहिले की पुढच्या चाकाच्या दांड्याच्या अगदी समोर एक दार दिसते. विमानात माणसे पाच असत. दोन वैमानिकांना इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्च्या, होत्या. मागे तोंड करून बसणारे दोन नेव्हिगेटर आणि एक इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी यांना ते दारच होते. चाके खाली असताना त्यातून उडी घेणाऱ्याने तो दांडा चुकवायचा कसा, हे तिथे उभे राहिल्यावर निराळ्या तऱ्हेने समजते. १ ऑक्टोबर १९५६ रोजी हीथ्रो येथे उतरताना व्हल्कन कोसळले, तेव्हा आत सहा जण होते; दोन वैमानिक सुटले आणि उरलेले चौघे गेले. मागच्यांसाठीही सीट बसवण्याची चाचणी व्हॅलियंटमधून झाली होती, पण तिन्हींपैकी एकाही ताफ्यात ती कधी आली नाही. प्रत्येकी पाच माणसे आणि दोन सीट, म्हणजे तीन विमाने, पंधरा माणसे, सहा सीट, असा हा हिशेब आहे.

व्हिक्टरकडे मी थोडक्यातच पाहिले. १९९३ च्या नोव्हेंबरात शेवटचे उड्डाण करणारे व्हिक्टर ते हेच, एवढे ध्यानात ठेवले, आणि कॅनबेरा या ब्रिटिश जेट विमानाकडे वळलो.

हे वळणे घरचे होते. माझे वडील लोहगावला कॅनबेरावर इंजिन फिटर होते. काडतुसाने इंजिन सुरू झाले की निघणारा काळा धूर आणि त्याचा जळका वास गणवेशातून आठवडाभर जात नसे, असे ते सांगत. भारतीय वायुदलाने हे विमान १९५७ पासून २००७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे वापरले. मात्र आपल्याकडच्या बी(आय)५८ प्रकारात नेव्हिगेटर पुढे नाकात बसे आणि त्याला इजेक्शन सीट नसे; "त्याला सीट नाही, दार आहे," हे वडिलांचे वाक्य आम्ही घरी शंभरदा ऐकलेले. आपल्याकडच्या एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, मी उघड्यावर उभे असलेले असेच एक कॅनबेरा पाहिले होते. पंखाखाली कबुतरांची घरटी होती आणि उन्हाने उडालेल्या फलकावर नेव्हिगेटरबद्दल एक शब्दही नव्हता. त्या तुलनेत येथे विमानांच्या अंगावर छप्पर आहे, हीच मोठी गोष्ट.

कॉस्फर्डचे विमान पीआर९ या टेहळणी प्रकारातले आहे. यातही नेव्हिगेटरची जागा नाकातच असून आत शिरण्यासाठी ते आख्खे नाक बिजागरीवर बाजूला उघडत असे. मी त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांचा एका ओळीचा प्रश्न आला, "याला सीट आहे का?" आहे, असे मी कळवले.