‘गॅप’: ग्रुप थिअरीची गणितं सोडवताना कुठे कामाला येतं, कुठे फसवतं

६ ने १२ ला पूर्ण भाग जातो, म्हणून ए४ मध्ये (चार वस्तूंच्या सम पर्म्युटेशनचा १२ घटकांचा ग्रुप) ६ ऑर्डरचा, म्हणजे ६ घटकांचा, सबग्रुप असणारच, असं टीवायच्या (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या) पेपरात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. लाग्रांजचं प्रमेय (सबग्रुपची ऑर्डर ग्रुपच्या ऑर्डरला भागते) उलटं वाचलं की हे होतं. गॅप या ग्रुप थिअरीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ टाइप करायची: ए४ चे सगळे सबग्रुप काढ आणि प्रत्येकाचा साइझ सांग. उत्तर येतं १, २, २, २, ३, ३, ३, ३, ४, १२. एकूण दहा सबग्रुप, आणि ६ कुठेच नाही.

पण ‘का नाही’ हे गॅप सांगत नाही. ते तुम्हालाच लिहायचं आहे: ६ ऑर्डरचा सबग्रुप असता तर त्याचा इंडेक्स २, म्हणजे तो नॉर्मल, म्हणजे प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात पडणार. प्रत्येक तीन-सायकल ही दुसऱ्या तीन-सायकलचा वर्ग असते, आणि ए४ मध्ये तीन-सायकल आहेत ८. सहाच्या घरात आठ कसे राहतील? परीक्षेत मार्क या चार ओळींना मिळतात, स्क्रीनवरच्या यादीला नाही. हे एकदा डोक्यात पक्कं असेल तर गॅपसारखं दुसरं साधन नाही. नसेल तर नुसती उत्तरं पाठ करण्याचा नवा मार्ग सापडला, एवढंच.

गॅप म्हणजे ‘ग्रुप्स, अल्गोरिदम्स, प्रोग्रामिंग’. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात योआखिम नॉयब्युझर यांच्या गटाने १९८६ मध्ये सुरू केलेलं हे काम. १९९७ मध्ये ते निवृत्त झाल्यावर सूत्रं स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजकडे गेली, आणि आता अनेक विद्यापीठं मिळून ते सांभाळतात. लायसन्स जीपीएल, म्हणजे एक रुपयाही लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, चाचणीची मुदत वगैरे काही नाही. याच कामाचं मॅग्मा विकत घ्यावं लागतं, आणि बीएस्सीच्या गणितांसाठी त्याची काही गरज नाही.

विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो, उबुंटूवर ‘आप्ट’ने आणि मॅकवर ‘होमब्रू’ने बसतं. सेजमॅथ आधीच असेल तर गॅप त्याच्या पोटात आहेच. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये ‘सेजमॅथसेल’ उघडा, खालच्या यादीतून भाषा ‘गॅप’ निवडा. हे मोबाइलवरही चालतं, फक्त तिथे कंस टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. दिसायला सगळं जुन्या वळणाचं आहे: काळी खिडकी, एक प्रॉम्प्ट, ना बटणं ना चित्रं. टॅब दाबल्यावर आज्ञेचं नाव पूर्ण होतं, आणि प्रश्नचिन्ह देऊन शब्द लिहिला की मॅन्युअलचं पान उघडतं. मॅन्युअल इंग्रजीत, पण नेमकं आहे. पहिला आठवडा ते जड जातं.

(इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपी, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये जागा नाही. ‘क्विट’ आणि ‘रिटर्न’ मात्र सगळी लहान अक्षरं.)

आता चुका. पहिल्या दिवशी सगळे अडकतात ते अर्धविरामाशी. ओळीच्या शेवटी तो दिला नाही तर गॅप गप्प बसतं आणि पुढच्या ओळीची वाट बघतं, आणि आपल्याला वाटतं हँग झालं. दोन अर्धविराम दिले तर काम होतं पण उत्तर छापलं जात नाही, लांबलचक उत्तर असेल तेव्हा हे बरं पडतं. नाव द्यायला कोलन-बरोबर, तुलना करायला नुसतं बरोबर. आज्ञा चालताना चूक झाली की प्रॉम्प्ट बदलून ‘ब्रेक’ असा होतो. तिथून ‘क्विट’ लिहून बाहेर यायचं, खिडकी बंद करायची गरज नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट गणिताची आहे. गॅप पर्म्युटेशनचा गुणाकार डावीकडून उजवीकडे करतं. (१ २) गुणिले (२ ३) विचारा: आधी (१ २) लावायचं, मग (२ ३). १ जातो २ वर, २ जातो ३ वर, म्हणून १ चा ३. उत्तर (१ ३ २). आपल्याकडची बहुतेक पुस्तकं फंक्शनच्या संयोगासारखी उजवीकडून सुरुवात करतात, त्यांचं उत्तर (१ २ ३). दोन्ही बरोबर, पण वहीतलं उत्तर गॅपशी ताडून बघणाऱ्याला वाटतं आपलं चुकलं, आणि तो बरोबर गणित खोडतो. कॉन्जुगेटचंही तसंच: गॅपमध्ये ‘जी’चा ‘एक्स’घात म्हणजे एक्स-व्यस्त, जी, एक्स या क्रमाने. पुस्तकात व्यस्त बहुधा शेवटी असतो. ऑर्डर, सायकलचा प्रकार, सबग्रुपची संख्या यांना या फरकाने धक्का लागत नाही. विशिष्ट घटक विचारला असेल तेव्हाच सावध राहायचं.

डायहेड्रलचं दुसरं दुखणं. काही पुस्तकांत चौरसाच्या सममितींचा ग्रुप डी४, काहींत डी८. गॅप ऑर्डर मागतं, म्हणून ‘डायहेड्रलग्रुप(८)’ म्हणजे चौरस. ४ दिलेत तर चौरस मिळत नाही, क्लाइनचा चार घटकांचा ग्रुप मिळतो, आणि तो अबेलियन निघाल्यावर डोकं खाजवत बसावं लागतं. शिवाय हा ग्रुप पर्म्युटेशनच्या रूपात येत नाही. घटक ‘एफ१’, ‘एफ२’ अशा नावांनी दिसतात. ओळखीच्या सायकल हव्या असतील तर कंसात आधी ‘इझपर्मग्रुप’ लिहून मग ८ लिहायचं.

आणि हे बघा: ‘डायहेड्रलग्रुप(८) बरोबर डायहेड्रलग्रुप(८)’ असं विचारलं तर उत्तर येतं ‘फॉल्स’. बग नाही हा. बरोबरचं चिन्ह घटकांचे संच तेच आहेत का एवढंच बघतं, आणि प्रत्येक आज्ञेने नवे घटक तयार होतात. एस४ (चार वस्तूंच्या सगळ्या पर्म्युटेशनचा ग्रुप) दोनदा मागितला तर ‘ट्रू’ येतं, कारण तिथे पर्म्युटेशन तीच असतात. आयसोमॉर्फिक आहेत का हे विचारायचं असेल तर ‘आयसोमॉर्फिझमग्रुप्स’ वापरा (नसतील तर ‘फेल’ येतं), किंवा दोघांचा ‘आयडीग्रुप’ काढून जुळवा. चौरसाचा ग्रुप [८, ३], क्वाटर्नियन [८, ४]. ‘समान’ आणि ‘आयसोमॉर्फिक’ यांतला फरक वर्गात दहा वेळा सांगून डोक्यात जात नाही, तो या एका ‘फॉल्स’ने जातो.

‘स्ट्रक्चरडिस्क्रिप्शन’ ही आज्ञा सगळ्यांची लाडकी, कारण ती ‘सी४ गुणिले सी२’ असं वाचता येण्याजोगं नाव देते. तिच्यावर विसंबू नका. ऑर्डर १६ मधले क्रमांक ३ आणि क्रमांक १३ हे दोन वेगळे ग्रुप, पण दोघांनाही ती एकच नाव लावते: सी४ गुणिले सी२, त्यावर सी२ चा सेमीडायरेक्ट. कुठली अ‍ॅक्शन ते नावात येतच नाही. ओळख पटवायला क्रमांकच हवा.

एवढं सांभाळलं की खरी मजा सुरू होते. नेहमीचं गणित घ्या: ऑर्डर ३० चा कोणताही ग्रुप सिंपल नसतो हे दाखवा. वहीत सगळे सायलोची प्रमेयं लावतात. ३ चे सायलो सबग्रुप (इथे ऑर्डर ३ चे) १ किंवा १०, ५ चे १ किंवा ६. दोन्हीकडे मोठा आकडा घेतला तर ऑर्डर ३ चे २० आणि ऑर्डर ५ चे २४ घटक होतात, बेरीज ४४, जागा ३०. म्हणून दोघांपैकी एक तरी १. गणित संपलं, पूर्ण मार्क.

आता गॅपला ऑर्डर ३० चे सगळे ग्रुप मागा (‘ऑलस्मॉलग्रुप्स(३०)’, येतात चार) आणि प्रत्येकात २, ३, ५ चे सायलो किती ते छापा. सायलो सबग्रुपचा नॉर्मलायझर काढायचा, त्याचा इंडेक्स घ्यायचा, झालं. उत्तर:

३, १, १
५, १, १
१५, १, १
१, १, १

प्रश्नाने ‘एक तरी’ म्हटलं होतं, इथे ३ चा आणि ५ चा असे दोन्ही रकाने सगळीकडे १ आहेत. म्हणजे याहून बळकट विधान खरं आहे आणि त्याला सिद्धता असली पाहिजे. शोधली तर सापडतेही लगेच: दोघांपैकी एक नॉर्मल म्हणून त्यांचा गुणाकार हा ऑर्डर १५ चा सबग्रुप. त्याचा इंडेक्स २, म्हणून नॉर्मल. ऑर्डर १५ चा ग्रुप सायक्लिकच असतो, त्यातला ३ चा आणि ५ चा सबग्रुप एकेकच, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक. नॉर्मलमधला कॅरॅक्टरिस्टिक तो मूळ ग्रुपमध्ये नॉर्मल. पहिला रकानाही बघा: ३, ५, १५, १. १५ चे सगळे भाजक, प्रत्येक एकदाच. हे का, हे स्वतः काढून बघण्यासारखं आहे. सायक्लिक १५ वर ऑर्डर २ चा घटक किती प्रकारे अ‍ॅक्ट करू शकतो, तिथून सुरुवात करा.

प्रतिउदाहरणं शोधायला तर गॅपला तोड नाही. ‘सगळे सबग्रुप नॉर्मल, तर ग्रुप अबेलियन’ हे खरं वाटतं ना? ऑर्डर १ पासून वर जाणारा लूप लावा, ८ वर क्वाटर्नियन हातात येतो. ‘प्रत्येक ऑर्डरचे घटक सारख्याच संख्येने असतील तर ग्रुप आयसोमॉर्फिक’ हे १६ वर कोसळतं: सी४ गुणिले सी४ आणि सी२ गुणिले क्वाटर्नियन, दोन्हीत ऑर्डर २ चे ३, ऑर्डर ४ चे १२. पहिला अबेलियन, दुसरा नाही. ‘कॉम्युटेटर सबग्रुपमधला प्रत्येक घटक हा कॉम्युटेटरच असतो’ हे मात्र ९६ पर्यंत टिकतं. हाताने ९६ पर्यंत कोण जाणार? जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेतल्या बहुपर्यायी-बहुउत्तरी प्रश्नांचा सराव करताना प्रत्येक पर्याय असा लहान ग्रुपांवर घासून बघितला की अंदाज सुधारतो.

लूप लावताना हात आवरा. लहान ग्रुपांच्या ग्रंथालयात २००० पर्यंतच्या ऑर्डरचे (१०२४ सोडून) ४२ कोटींहून जास्त ग्रुप आहेत. ऑर्डर ६४ चे २६७, १२८ चे २३२८, २५६ चे ५६,०९२, आणि ५१२ चे एक कोटीच्या वर. २५६ ला सगळे एकदम मागू नका, क्रमांकाने एकेक घ्या. ५१२ च्या वाटेला जाऊच नका. ‘ऑलसबग्रुप्स’चंही तेच. एस४ चे ३०, एस५ चे १५६, एस६ चे १४५५, एस७ चे ११,३००. कॉन्जुगसी क्लास मागितले तर हेच आकडे ११, १९, ५६, ९६ होतात, आणि बहुतेक प्रश्नांना तेवढे पुरतात.

होमोमॉर्फिझमच्या गणितांत ‘ग्रुपहोमोमॉर्फिझमबायइमेजेस’ चांगली मदत करते: जनरेटर कुठे पाठवायचे ते द्या, ते फंक्शन होमोमॉर्फिझम होत नसेल तर ‘फेल’ येतं. चूक कुठल्या रिलेशनमध्ये आहे ते मात्र सांगत नाही, ते शोधणं हाच अभ्यास.

जनरेटर आणि रिलेशनने दिलेले ग्रुप हा नाजूक भाग. ए वर्ग, बी घन, एबी चा पाचवा घात एकक: साइझ ६०, चुटकीसरशी. पाचाच्या जागी चार घातले तर २४. सात घातले तर ग्रुप अनंत आहे, पण गॅपला ते कळत नाही. कोसेट मोजत मोजत ते ४०,९६,००० च्या मर्यादेला धडकतं आणि ब्रेकमध्ये पडतं. तिथे ‘रिटर्न’ दिलंत तर मर्यादा वाढवून पुन्हा मोजायला लागतं. याचा अर्थ ‘अनंत’ असा नाही, ‘अजून संपलं नाही’ एवढाच. उत्तरपत्रिकेत तो निष्कर्ष म्हणून लिहू नये.

फाइनाइट फील्डवरच्या मॅट्रिक्स पहिल्यांदा बघाल तेव्हा झेड(३) चे घात दिसतील. ‘डिस्प्ले’ म्हणा, मग १, २ आणि शून्याच्या जागी टिंब येतं. गॅल्वा थिअरीसाठी ‘गॅल्वाटाइप’ आहे: एक्स४ + १ दिलं तर २ (क्लाइन), एक्स४ − २ दिलं तर ३ (चौरसाचा डायहेड्रल). बहुपदी इरिड्युसिबल आहे याची खात्री आधी करा. रिंग थिअरीत हात आखडता आहे, रिअल अ‍ॅनालिसिस आणि टोपोलॉजीत काहीच नाही.

विद्यार्थ्याने आधी वहीत उत्तर लिहावं, मग गॅप उघडावं, आणि ‘लॉगटू’ने सगळं एका फाइलमध्ये साठवावं. फाइलचं नाव अवतरणचिन्हांत द्यायचं, नाहीतर पहिलीच ओळ एररची येते.