इंजिनची पट्टी बंद ठेवून लाइव्ह बुद्धिबळ बघणं: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारी २०२५ पासून एक गोष्ट नेमाने करतोय, म्हटलं आता नीट लिहून काढावी. मोठ्या स्पर्धांचे डाव लाइव्ह बघताना पटाच्या शेजारी ती काळी-पांढरी पट्टी असते ना, इंजिनची (म्हणजे बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची), कोण किती पुढे आहे ते दाखवणारी, ती मी पूर्ण बंद ठेवतो. एकटा नाही, आमचा व्हॉट्सअॅपचा बारा जणांचा ग्रुप आहे, त्यातले आठ-नऊ जण तरी हे पाळतात.

हे खूळ डोक्यात आलं १२ डिसेंबर २०२४ ला. सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या लढतीत आपला गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा डाव, स्कोअर साडेसहा-साडेसहा, मी ऑफिस सुटून बसमध्ये उभा, एका हातात फोन. गुकेशकडे काळी मोहरी आणि एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. सगळे म्हणत होते बरोबरी होणार आणि उद्या टायब्रेक, म्हणजे निकाल लावायला कमी वेळाचे जलद डाव. मग ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला आणि पट्टी एकदम खाली. ग्रुपवर लगेच "संपलंऽऽ", "ब्लंडर", "चॅम्पियन!!" मी पण ओरडलो बसमध्ये, खोटं कशाला बोलू. पण का संपलं ते मला कळलंच नव्हतं.

रात्री घरी पट मांडला तेव्हा कळलं. डिंगचा उंट पार कोपऱ्यात, ए८ ला. तिथून त्याला जायला एकच तिरकी लाइन. हत्तीला हत्ती मारून झाल्यावर गुकेशने आपला उंट डी५ ला ठेवला, म्हणजे त्याच लाइनवर बरोबर समोर. आता पांढरा उंट पळून जाणार कुठे? मारामारी होणारच, आणि मग उरतात राजे आणि प्यादी, काळ्याची दोन, पांढऱ्याची एक. ५८ व्या चालीला डिंगने डाव सोडला. हे मी पटावर तीन-चार वेळा केलं आणि मला फार हळहळ वाटली, की इतका मोठा क्षण लाइव्ह बघत होतो आणि मी बघत होतो ती पट्टी. गुकेशला ते जाणवलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला, पाणी प्यायला तो, ते सगळं मी नंतर व्हिडिओत पाहिलं.

म्हणून जानेवारीपासून पट्टी बंद. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर सोपं आहे, ब्रॉडकास्टमध्ये इंजिन आणि पट्टी बंद करता येते, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं सगळं. यूट्यूबवर कॉमेंट्री बघायची तर तिथे पट्टी स्क्रीनवरच छापलेली असते, म्हणून मी लॅपटॉपला डाव्या कडेला जुन्या पाकिटाची एक पट्टी कापून चिकटवलीय. घरचे विचारतात हे काय, आता सवय झाली त्यांना.

पहिले दीड-दोन महिने कंटाळा आला हे कबूल करतो. फेब्रुवारीत टाटा स्टील स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी गुकेश आपल्याच अर्जुन एरिगैसीकडून हरला, प्रज्ञानंद जर्मनीच्या कायमरकडून हरला आणि मग दोघांत टायब्रेक लागून प्रज्ञानंद जिंकला. इतका भारी दिवस, पण टायब्रेकच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांत उरकणाऱ्या डावांत, मला निम्म्या चाली कळल्या नाहीत. ब्लिट्झला हा प्रकार चालत नाही, अजूनही माझं तेच मत आहे.

पण जुलैमध्ये बाटुमी झालं आणि सगळं वसूल झालं. महिला वर्ल्ड कप, जॉर्जियात, फायनलला आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. सेमीफायनलला दिव्याने चीनच्या तान झोंगयीला १०१ चालींच्या डावात हरवलं होतं, तो डाव आम्ही पट्टीशिवाय पूर्ण बघितला होता त्यामुळे हात बसला होता. फायनलचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळाचे) डाव बरोबरीत, मग सोमवारी २८ तारखेला रॅपिड, म्हणजे प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला वर १० सेकंद. ग्रुपचा नियम ठरवला, कोणी इंजिनचा आकडा टाकायचा नाही, आणि चाल सुचवायची तर "का" ते पण लिहायचं. पहिला रॅपिड पण बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी.

आणि खरं सांगतो, पट्टी नसली की नजर आपोआप घड्याळावर जाते. आमच्यात एक रिटायर्ड काका आहेत, पूर्वी जिल्ह्याकडून खेळलेले, ते त्या तासाभरात एकच वाक्य टाकत होते, "घड्याळ बघा". हंपीचा वेळ संपत चालला होता, एंडगेम आला होता, कोण पुढे आहे हे आमच्यातल्या कोणालाच ठामपणे माहीत नव्हतं, एक जण म्हणतोय ड्रॉ, एक म्हणतोय दिव्याचं प्यादं धावणार, कोणीतरी हत्ती कुठे हवा ते कागदावर पट काढून फोटो पाठवतोय. म्हणजे त्या दोघी जशा अंधारात होत्या तसेच आम्ही. हंपीने शेवटी डाव सोडला तेव्हा काकांनी काहीच लिहिलं नाही, सरळ फोन केला मला, आणि आम्ही दोघं काही सेकंद बोललोच नाही. दिव्या आईला मिठी मारून रडत होती ते बघून इकडे पण तेच.

निम्मा ग्रुप हंपीच्या बाजूने होता हेही सांगायला हवं. ती ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, दिव्याचा जन्म २००५ चा! आणि दिव्या तिथे गेली तेव्हा हातात ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (त्या किताबासाठी स्पर्धांत गाठावा लागणारा टप्पा) नव्हता, आली ती वर्ल्ड कप आणि थेट टायटल घेऊन, पुरुष-महिला मिळून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर.

नव्याने बघणाऱ्यांसाठी एक, कारण माझा भाचा यात फसला होता. डाव संपल्यावर कधी कधी राजा अचानक पटाच्या मधोमध आलेला दिसतो. ती चाल नसते. पट इलेक्ट्रॉनिक असतात, आणि निकाल नोंदवायला खेळाडू किंवा पंच दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवतात. पांढरा जिंकला तर पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर काळ्या, बरोबरी असेल तर एक-एक. सिस्टिम कधी कधी त्यालाच चाल समजते. भाचा म्हणत होता, मामा, त्याने राजा तिकडे का नेला?

तोटे आहेत. आपण साफ चुकतो. नोव्हेंबरमध्ये गोव्यात वर्ल्ड कप होता, अर्जुन आणि चीनच्या वेई यीच्या टायब्रेकला मी शेवटपर्यंत धरून बसलो होतो की अर्जुन सांभाळेल, नाही सांभाळलं, तो क्वार्टरफायनललाच बाहेर गेला. पट्टी असती तर मनाची तयारी आधीच झाली असती. दुसरं म्हणजे काही स्पर्धांत चीटिंग रोखायला चाली मुद्दाम उशिरा दाखवतात, मग ग्रुपवर कोणाचं आधी येतं, कोणाचं नंतर. त्यावर आम्ही ठरवलंय की सगळ्यांनी एकाच ठिकाणी बघायचं, आणि बाकी अॅपची नोटिफिकेशन बंद, कारण एका अॅपने माझा एक अख्खा डाव निकाल सांगून घालवला होता.

डाव संपल्यावर मात्र इंजिन लावतो, लगेच नाही, रात्री जेवण झाल्यावर, आणि आपण लिहिलेली "का" वाली उत्तरं ताडून बघतो. हल्ली दहातली तीन-चार बरोबर निघतात. भाच्याची पाच. २०२६ च्या मार्चअखेरीस सायप्रसला ठरलेल्या कँडिडेट्ससाठी (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) दिव्या आणि प्रज्ञानंद दोघंही पात्र ठरले, आणि मी पाकिटाची नवी पट्टी कापून ठेवली.