ओशियानो ड्यून्स : समुद्राकाठच्या वाळूत चार कुटुंबांचा तळ

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार कुटुंबे, म्हणजे नऊ मोठी माणसे आणि पाच मुले, कॅलिफोर्नियातील ओशियानो ड्यून्स येथे दोन रात्री तंबूत राहून आणि वाळूच्या टेकड्यांवर गाड्या चालवून परतलो. सॅन होजेहून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की काही तासांत पिस्मो बीच लागते आणि तिथून पुढे हे राज्य उद्यान सुरू होते. पुळणीवर थेट गाडी नेता येईल असे कॅलिफोर्नियातील हे एकमेव राज्य उद्यान आहे. जागा अप्रतिम आहे, हे मी निःशंकपणे सांगतो. मात्र तिथे आयते काहीही मिळत नाही, आणि ज्या गटाने घरूनच नीट तयारी केलेली नाही त्याचे तिथे हाल होतील, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

इथे आखून दिलेल्या, क्रमांक घातलेल्या जागा नाहीत, नळ नाही आणि वीज नाही. स्वच्छतागृहे आहेत, पण ती साधी, पाण्याविना चालणारी आहेत. आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि सुट्टीचे दिवस लवकर भरतात. पिण्याचे आणि भांड्यांचे मिळून आम्ही नेलेले पाणी दुसऱ्या संध्याकाळी संपत आले, तेव्हा माणशी रोजचे निदान सहा लिटर धरूनच निघावे. शेकोटीला परवानगी आहे. काचेच्या बाटल्या आणि खिळे असलेली लाकडे यांना मनाई आहे. रात्री शेजारच्या तळावरच्या एका लहान मुलाला अनवाणी धावताना पाहिले, तेव्हा या नियमाचे मोल कळले.

आत शिरण्याचा रस्ता ही पहिली परीक्षा असते. पियर अव्हेन्यूवरून पुळणीवर उतरताच आम्ही चारही गाड्या थांबवल्या आणि टायरमधील हवा पंधरा पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) उतरवली. हवा कमी झाली की टायर पसरतो, त्याचा वाळूवरचा ठसा लांब होतो आणि वजन वाटले जाऊन चाक रुतत नाही. पुढे अरोयो ग्रँडे हा ओढा पुळणीवरूनच समुद्राला मिळतो. त्या दिवशी पाणी बेताचे होते, तरी आमच्यातल्या एकाने आधी चालत जाऊन तळ चाचपला आणि मगच गाड्या काढल्या. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे, कारण ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते आणि भरतीला नेमकी तीच वाट नाहीशी होते. कोकणातल्या पुळणीवर हौसेने गाडी नेऊन ती भरतीत गमावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो; इथे परवानगी असली, तरी समुद्र तोच आहे. पुळणीवर वेगमर्यादा ताशी पंधरा मैलांची आहे आणि ‘पोस्ट २’ या खुणेच्या खांबापर्यंत चारचाकी बग्ग्या किंवा एटीव्ही (वाळूत चालवायची छोटी, उघडी वाहने) चालवता येत नाहीत, त्या ट्रेलरवरूनच न्याव्या लागतात.

आता टेकड्यांविषयी. इथला वारा प्रामुख्याने वायव्येकडून येतो, त्यामुळे प्रत्येक टेकडीची वाऱ्याकडची बाजू सावकाश चढत जाते, तर पलीकडची बाजू वाळू जितकी उभी राहू शकते तितकी, म्हणजे तीसएक अंशांच्या वर, एकदम तुटते. वर चढणाऱ्याला समोर फक्त आकाश दिसते; माथ्यापलीकडे काय आहे ते माथा येईपर्यंत कळत नाही. भर दुपारी सावल्याच पडत नसल्याने तर उतार आणि कडा एकसारखे दिसतात. पहिल्या दिवशी आमच्यातला एक मित्र दुपारी एकच्या सुमारास माथ्यावर जरा जास्त वेगाने गेला; पुढची दोन चाके हवेत, पोट वाळूवर टेकलेले, अशी त्याची गाडी अडकली. कोणाला खरचटलेही नाही, पण फावड्याने पोटाखालची वाळू उपसून गाडी मागे ओढायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यानंतर आम्ही माथ्याशी तिरके जाऊन, वेग कमी करून, आधी एकाने पायी पाहून मगच पुढे जाण्याचा शिरस्ता ठेवला. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कडेला काळी रेघ उमटते. चालवायची खरी वेळ तीच. मुलांना आधी ‘सँड हायवे’ या खांब रोवलेल्या वाटेवरच न्यावे.

प्रत्येक वाहनावर जमिनीपासून आठ फूट उंच काठीला झेंडा असावा लागतो, आणि वरील कारणामुळेच: टेकडीपलीकडची गाडी दिसण्याआधी तिचा झेंडा दिसतो. आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन बग्ग्यांपैकी एकीची झेंड्याची काठी मधोमध तडकलेली होती आणि चिकटपट्टीने जोडलेली होती. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण दाखवताच त्यांनी काठी बदलून दिली. तरी ग्राहकाने पाहिले नसते तर ती तशीच गेली असती, आणि सूचना म्हणून आमच्याकडून एका कागदावर सही घेण्यापलीकडे कोणी काही समजावले नाही, याचा मला खरोखर राग आला. काठी, सीटबेल्ट आणि हेल्मेटचा पट्टा हाताने ओढून पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये.

तळाविषयी दोन गोष्टी. तंबूच्या मेखा या वाळूत धरत नाहीत. आम्ही किराण्याच्या कापडी पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या हातभर खोल पुरल्या, तेव्हा तंबू दुपारच्या वाऱ्यात टिकला. स्वयंपाक मात्र गाड्यांच्या आडोशाला करूनही पिठल्यात वाळू कचकचलीच. भाकरी घरून करून नेल्या होत्या, त्यांनी वेळ निभावली. समुद्राच्या गारव्यामुळे रात्री जाड पांघरुणे लागतात.

मार्च ते सप्टेंबर या काळात स्नोई प्लोव्हर या इवल्याशा पक्ष्याच्या विणीसाठी मोठा भाग कुंपण घालून बंद ठेवतात. वेळासच्या कासवांची घरटी राखणारी माणसे आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे मुलांना हे समजावणे कठीण गेले नाही. या जागेवरून वादही मोठा आहे: उडणाऱ्या धुळीचा त्रास शेजारच्या निपोमो मेसा या पठारावरच्या वस्तीला होतो, आणि २०२१ मध्ये राज्याच्या किनारपट्टी आयोगाने इथली वाहने तीन वर्षांत बंद करण्याचा ठराव केला होता, जो २०२३ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. आम्ही तिथे मजा करून आलो, म्हणून तिथल्या रहिवाशांची तक्रार मला खोटी वाटत नाही. कुंपणे आणि वाळू धरण्यासाठी लावलेली झुडपे ओलांडणाऱ्या चालकांवर कडक दंड व्हावा, असे मला वाटते.

पाच वर्षांखालील मुले किंवा गुडघेदुखी असलेले आईवडील बरोबर असतील, तर मुक्काम पिस्मोतील हॉटेलात करून दिवसा यावे. बाकीच्यांनी निदान तीन गाड्या, दोन फावडी, ओढण्याचा पट्टा आणि हवा भरायचा पंप घेऊनच जावे, आणि परतताना पुळण सोडताच टायरमध्ये हवा भरून, जवळच्या गावात गाडी खालून गोड्या पाण्याने नीट धुऊन घ्यावी. आमची एक गाडी तशीच घरी आली आणि आठवड्याभरात तिच्या ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचे ठिपके दिसू लागले.