ब्रेक थरथरतात: डिस्क घासून घ्यायची की नवी टाकायची?

छोट्या गाडीच्या मालकांची ब्रेकबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं." गॅरेजमध्ये गेलात की तीन पर्याय पुढे येतात. नुसते पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पट्ट्या) बदला, डिस्क लेथवर, म्हणजे कातकाम यंत्रावर, घासून नवे पॅड टाका, किंवा डिस्क आणि पॅड दोन्ही नवे घ्या. खर्च याच क्रमाने चढत जातो, त्यामुळे बरेच जण पहिल्या पायरीवरून सुरुवात करतात. माझं मत आधीच सांगतो. थरथरीवर पहिला उपाय चालत नाही. खरी निवड उरलेल्या दोघांत आहे आणि ती डिस्कची जाडी मोजल्याशिवाय करू नये.

पण आधी आपली तक्रार थरथरीचीच आहे ना, हे बघा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर दोष मास्टर सिलिंडरचा (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये उतरवणारा भाग) किंवा कुठल्या तरी गळतीचा. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नये. पेडल भुसभुशीत लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असण्याची शक्यता जास्त. दगडासारखं कडक झालं असेल तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर तपासा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली टकटक होते ती तर एबीएसची (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), तो बिघाडच नाही. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये आणि पेडलमध्ये जाणवत असेल तर मागची. इथून पुढे बोलतोय ते पुढच्या डिस्कबद्दल.

"डिस्क वाकली" असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात ती क्वचितच वाकते. होतं असं की डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी. जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, आणि हा धक्का तुमच्या पायापर्यंत आणि हातापर्यंत पोचतो.

हा फरक पडण्यामागचं एक कारण फार कमी जणांच्या लक्षात येतं. डिस्क ज्या हबवर (चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर) बसते तिथे गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा चाकाचे नट हवेच्या गनने कमीजास्त आवळले, की डिस्क किंचित तिरकी बसते. ब्रेक न दाबताही तिचा एकच भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो आणि तिथे पातळ होत जातो. थरथर लगेच सुरू होत नाही, काही हजार किलोमीटरनंतर जाणवू लागते. त्यामुळे टायर बदलला तेव्हाच हे सुरू झालं, असा संबंध कोणी लावत नाही. दोष जातो पॅडच्या माथी. दुसरं कारण, तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पाय तसाच दाबून धरणं. अशा वेळी पॅडचा थर एकाच जागी डिस्कला चिकटतो.

आता पर्याय. नुसते पॅड बदलणाऱ्यांचा अनुभव सहसा असा: पहिले काही दिवस बरं वाटतं, मग तीच थरथर परत. शिवाय खाचा पडलेल्या डिस्कवर नवे सपाट पॅड फक्त उंचवट्यांवर टेकतात, त्यामुळे सुरुवातीला ब्रेक नेहमीपेक्षा कमीच लागतो. पॅड बदलायचे कधी, तर थरथर नाही, डिस्क जाड आणि गुळगुळीत आहे, पण पॅड ३ मिलिमीटरपर्यंत झिजलेत किंवा त्यांच्यावरची सूचक पत्री किर्र वाजू लागली आहे तेव्हा. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो.

घासून घेण्याचं आकर्षण उघड आहे. मूळ डिस्क राहते, खर्च कमी. अडचण अशी की छोट्या गाडीच्या डिस्कला घासायला मांसच फार नसतं. समजा नवी डिस्क २० मिलिमीटरची आहे आणि किमान जाडी १८. हा किमान आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. तुमची झिजून १८.८ झाली आहे. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.२ काढले तरी उरले १८.४. नियमात बसलं, पण पुढच्या झिजेला जेमतेम ०.४ शिल्लक. पातळ डिस्क लवकर तापते हेही आलंच. याउलट डिस्क १९.५ असेल तर घासणं हाच शहाणा सौदा.

जाडी मोजताना एक गफलत हमखास होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते. साधा व्हर्निअर त्या कडेवर टेकतो आणि जाडी खरीपेक्षा जास्त दाखवतो. मायक्रोमीटरने, कडेच्या आत, डिस्कभोवती सात-आठ ठिकाणी मोजायला सांगा. गॅरेजवाला "बघूनच कळतं" म्हणाला तर दुसरं गॅरेज शोधा. लेथही दोन प्रकारची. एकात डिस्क काढून नेतात. धरताना हयगय झाली तर नवा तिरकेपणा त्यातच येतो. दुसरी गाडीवर लावूनच हबसकट फिरवते, तिचं काम सरस, पण ती सगळीकडे मिळत नाही.

नव्या डिस्कबद्दल मालकांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतात, टाकली आणि विषय संपला. दुसरे चिडून सांगतात की नवीही काही महिन्यांत वाकली, कंपनीच भिकार. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ डिस्कमध्ये नसून हबवर राहिलेल्या गंजात असतं. म्हणून जुनी डिस्क निघाल्यावर हब तारेच्या ब्रशने चकचकीत करायला लावा. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने धुवायचा. मग डिस्क नटांनी घट्ट करून, कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत डायल गेजचं (किंचित हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) टोक टेकवून हाताने एक फेरा फिरवायचा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. ०.१ कडे गेला तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवायची आणि पुन्हा बघायचं. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण मागितल्याशिवाय क्वचितच होतं.

कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) सरकत्या पिना जाम असतील तर दोन्ही पर्याय फुकट जातात. खूण सोपी: आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला, किंवा थोडं चालवल्यावर एकच चाक गरम. पिना साफ करून त्यांचं खास ग्रीस लावलं की बहुधा भागतं.

तर निवड कशी करायची? गाडी नवीसारखी, डिस्क जाड आणि थरथर टायर बदलल्यानंतर काही काळाने आलेली असेल तर घासून घ्या. डिस्क किमान जाडीजवळ आली असेल, तडे दिसत असतील किंवा एकदा घासून थरथर परत आली असेल तर विचार करू नका, नवी टाका. मधल्या अवस्थेत मी नवीकडे झुकतो, कारण चाक-कॅलिपर काढण्या-घालण्याची मजुरी दोन्हीकडे तीच आणि काही महिन्यांत पुन्हा घासावं लागलं तर ती दोनदा. डिस्कचं काहीही करा, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची एकदम, आणि पॅड नवेच.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावायचा. पूर्ण थांबायचं नाही, दोन वेळांमध्ये ब्रेकला थंड व्हायला अंतर द्यायचं. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळलेत ना, हे निघण्याआधी विचारा आणि मोजलेली जाडी बिलावर लिहून घ्या.