आईबाबा सिडनीत, प्रश्न मराठीत: हेल्थ ट्रान्सलेशन्स आणि फोनवरचा दुभाष्या

ऑस्ट्रेलियात आलेल्या आईबाबांना रात्री अकराला चक्कर आली, की घरातली मंडळी आधी गूगल उघडतात आणि आईबाबा व्हॉट्सॲप. दोन्हीपेक्षा बऱ्या दोन मोफत सोयी आहेत.

पहिली, हेल्थ ट्रान्सलेशन्स ही वेबसाइट. विक्टोरिया सरकारच्या पैशावर चालते, पण सिडनीत बसून वापरायला कुणाची ना नाही. इथे सरकारी खात्यांची आणि आरोग्यसंस्थांची भाषांतरित पत्रकं एकत्र सापडतात. अडचण अशी की साइट इंग्रजीत आहे, त्यामुळे शोध मुलांनीच घ्यायचा. भाषा मराठी निवडा, मग विषय इंग्रजीत टाका. हिंदीच्या मानाने मराठी यादी आखूड येते. हिंदी नीट वाचता येत असेल तर तीही बघा. पत्रकाची तारीख पाहिल्याशिवाय ते आईबाबांच्या हाती देऊ नका, आणि इंग्रजी मूळ शेजारी उघडा. भाषांतर पुस्तकी असेल तर खरा अर्थ तिथेच कळतो.

खरा घोळ भाषेत नाही, आकड्यांत होतो. इथली मधुमेहाची पत्रकं साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये सांगतात. पुण्याहून आणलेलं ग्लुकोमीटर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. इथल्या आकड्याला १८ ने गुणा: ७ म्हणजे १२६. हे माहीत नसेल, तर पत्रकातला ७ आणि यंत्रावरचा १२६ पाहून साखर आभाळाला भिडली असंच वाटणार.

औषधांचंही तेच. डोलो ६५० किंवा क्रोसिन इथल्या साइटवर शोधत बसू नका, पॅरासिटामॉल शोधा. इथली साधी पॅनाडॉल ५०० मिलिग्रॅमची असते. डोलो आणि पॅनाडॉल ही एकच गोष्ट आहे हे लक्षात न आल्याने दोन्ही घेतल्या जातात. सर्वसाधारण प्रौढाला २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि कॉम्बिफ्लाममध्येही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, ते त्यातच धरायचं.

दुसरी सोय फोनची, आणि आमच्या मते हीच जास्त कामाची. १३१ ४५० ही राष्ट्रीय दुभाषी सेवा, चोवीस तास. पलीकडचा माणूस भाषा विचारेल तेव्हा 'मराठी' म्हणा. 'इंडियन' म्हणाल तर हिंदीवाला गळ्यात पडायची शक्यता. मग हेल्थडायरेक्ट या आरोग्यसल्ल्याच्या सेवेच्या १८०० ०२२ २२२ ला जोडून मागा. तिथे नर्स बोलते. क्वीन्सलँडमध्ये असाल तर नर्सचा नंबर वेगळा: १३ ४३ २५ ८४. वय, चालू औषधं, त्रास कधीपासून, हे कागदावर लिहून ठेवा. दुभाष्या बोललेलं सगळं सांगतो, स्वतःचा सल्ला देत नाही. म्हणून एकावेळी एकच वाक्य बोला आणि थांबा. 'अंगात कसंतरी होतंय' याचं इंग्रजीत काय होईल ते देव जाणे. पोटात दुखतंय, गरगरतंय, घाम येतोय असं सुटं सुटं सांगा. बायकांच्या तक्रारी असतील तर स्त्री दुभाष्या मागता येते, वाट जरा जास्त पाहावी लागू शकते. मुलाने किंवा सुनेने मध्ये बसून भाषांतर करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. सासूबाई सुनेसमोर लघवीचा त्रास सांगतील ही आशा सोडा.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं यासाठी हा रस्ता नाही. सरळ ००० लावा, 'ॲम्ब्युलन्स' म्हणा आणि मग 'मराठी'. दुभाष्या तेच जोडून घेतात.

एक त्रुटी मोठी आहे. खाजगी डॉक्टरांना मिळणारी मोफत दुभाषी सेवा मेडिकेअरच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पात्र रुग्णांसाठी आहे. भारताशी ऑस्ट्रेलियाचा मेडिकेअरचा परस्पर करार नाही, म्हणून व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबा त्यात बसत नाहीत. दवाखान्याची वेळ घेतानाच दुभाष्याचा खर्च कोण देणार ते विचारून घ्या, आणि विमा कंपनीलाही तोच प्रश्न करा.